कॅमेरा बदलायचा की नाही? हुकलेल्या फोटोंची वही

 

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. "माझ्याकडे साधा, सुरुवातीचा कॅमेरा आहे. थोडे पैसे जमलेत. आता चांगला कॅमेरा घेऊ का?" आम्ही काही हौशी मित्र रविवारी सकाळी नवशिक्यांना घेऊन फोटो काढत फिरतो. आमच्यापैकी कुणाचंही दुकान नाही, त्यामुळे तुम्ही काही घेतलंत काय आणि न घेतलंत काय, आमचा फायदा-तोटा नाही. मात्र चुकीच्या वस्तूवर पैसे घालवण्याचा अनुभव आम्हा सगळ्यांना आहे. तोच आज तुमच्या उपयोगी पडला तर बरं.

सुरुवातीचा कॅमेरा म्हणजे कोणता, ते आधी ठरवून घेऊ. निकॉनचा डी३५०० किंवा कॅननचा १५००डी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही २०१८ सालचे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, आणि दोन्हींबरोबर बहुतेकांना १८-५५ची किट लेन्स मिळालेली. आज या सभागृहात असे दहा-पंधरा कॅमेरे तरी असतील.

एका मुलाचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी असाच डी३५०० घेऊन एक मुलगा आमच्याकडे आला. तालुक्याच्या गावचा. लग्नाच्या सिझनमध्ये एका फोटोग्राफरच्या हाताखाली काम करायचा, एरवी वडिलांबरोबर शेतात. त्याला मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेरा घ्यायचा होता. लेन्ससकट हिशोब दीड लाखापर्यंत गेला होता. निम्मे पैसे आई बचतगटातून कर्ज काढून देणार होती, उरलेले हप्त्यावर.

आम्ही विचारलं, "बाबा रे, या कॅमेऱ्यात अडतंय काय?" तो म्हणाला, "फोटो भारी येत नाहीत सर." यापलीकडे त्याला काही सांगता येईना.

आता बघा, दीड लाखाचा निर्णय आणि कारण चार शब्दांचं. त्याला आम्ही हो म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. शंभर पानी वही घ्यायला सांगितली. त्या वहीकडे आपण येऊच. त्याआधी "भारी" या शब्दात काय काय असतं ते जरा सुटं करून पाहू.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात असं धरलं, तर हा फोटो २० बाय १३ इंचांपर्यंत उत्तम छापता येतो. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान त्यात आरामात बसतं. मोबाइलच्या पडद्यावर आणि व्हॉट्सअॅपवर तर यातले बहुतेक ठिपके फेकूनच दिले जातात.

समजा तुम्ही ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलात. आकडा जवळपास दुप्पट झाला. पण ठिपके लांबी आणि रुंदी दोन्हीकडे वाटले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष बारकावा वाढतो तो १.३७ पट. शिवाय फाइल मोठी, म्हणून कार्ड मोठं, हार्डडिस्क मोठी, आणि घरचा कॉम्प्युटर कण्हायला लागतो तो वेगळाच. मोठमोठे पोस्टर छापणारा माणूस सोडला, तर मेगापिक्सेलसाठी कॅमेरा बदलण्याची गरज आम्हाला क्वचितच दिसली.

उजेडाचा हिशोब

मग फोटो खराब का येतात? आमच्या पाहण्यात पहिलं कारण म्हणजे उजेड कमी पडतो. दुपारच्या उन्हात डी३५०० आणि त्याच्या पाचपट किमतीचा कॅमेरा यांचे फोटो शेजारी ठेवले, तर कुठला कशाचा हे आपल्यातल्या बहुतेकांना ओळखता येणार नाही. संध्याकाळी हॉलमध्ये मात्र फरक पडतो. तिथे कॅमेऱ्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, मग माणसं हलतात आणि फोटो पुसट येतो. नाहीतर आयएसओ वाढवायचा, मग फोटोत दाणे दिसतात.

उजेड आत येतो लेन्समधून. म्हणून लेन्सचं भोक किती मोठं, हे आधी पाहायला हवं. एफ पुढचा आकडा म्हणजे लेन्सच्या लांबीला भोकाच्या व्यासाने भागून आलेलं उत्तर. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५५ भागिले ५.६, म्हणजे भोक जवळजवळ १० मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. आता ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स घ्या. ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याहून किंचित मोठं भोक. बटण आणि नाणं शेजारी ठेवून पाहा म्हणजे हिशोब वेगळा मांडावा लागणार नाही.

तरीही आकड्यात सांगतो. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलं की सेन्सरवर पडणारा उजेड साडेनऊ पटींहून जास्त होतो. म्हणजे हॉलमध्ये जिथे १/६० सेकंद मिळत होता, तिथे तेवढ्याच आयएसओवर १/५०० सेकंद मिळतो. १/६० ला हसणाऱ्या माणसाचं तोंड पुसट येतं, १/५०० ला उडालेल्या अक्षतासुद्धा हवेत थांबतात.

आता सेन्सर मोठा केला तर काय होतं? निकॉनच्या छोट्या सेन्सरचं माप २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, फुल-फ्रेमचं ३६ बाय २४. क्षेत्रफळ वाढतं सुमारे २.४ पट. म्हणजे एफचा आकडा तोच राहिला, तर एकूण उजेड २.४ पट.

एका बाजूला साडेनऊ पट, दुसऱ्या बाजूला २.४ पट. पहिला फायदा देणारी कॅननची ५० मिमी एफ १.८ लेन्स नवी साधारण दहा हजारांच्या आसपास मिळते. दुसऱ्या फायद्यासाठी लाखाच्या घरात जावं लागतं. आणि फुल-फ्रेम घेऊन त्यावर पुन्हा एफ ५.६ चीच स्वस्त लेन्स लावली, तर रात्रीच्या हॉलमध्ये तुम्ही जुन्या कॅमेऱ्यावर नाण्याएवढ्या भोकाची लेन्स लावून बसलेल्या माणसाच्या मागेच राहाल.

अर्थात या लेन्सलाही मर्यादा आहेत. एक, तिला झूम नाही. पुढे-मागे तुम्हीच व्हायचं. दोन, छोट्या सेन्सरवर ५० मिमी बरीच जवळची पडते, घरातल्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी सगळे मावत नाहीत. घरात ३५ मिमी बरी. तीन, एफ १.८ वर दोन रांगांचा ग्रुप फोटो काढलात तर पुढची रांग स्पष्ट आणि मागचे काका पुसट. तिथे एफ ४ किंवा ५.६ वरच यावं लागतं, आणि मग फ्लॅश लागतो.

निकॉनवाल्यांसाठी एक खास सूचना. डी३५०० सारख्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. दुकानात जुनी "एएफ ५० मिमी १.८ डी" स्वस्तात दाखवतील. ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागेल. लेन्सवर "एएफ-एस" लिहिलेलं आहे ना, एवढं पाहून घ्या.

वही कशी लिहायची

आता वही. आम्ही त्या मुलाला सांगितलं, एक सिझन याच कॅमेऱ्यावर काढ. प्रत्येक कार्यक्रमानंतर हुकलेले फोटो पुसून टाकायच्या आधी मोठ्या पडद्यावर पाहा, आणि प्रत्येकाची एक ओळ लिही: काय काढायचं होतं, काय झालं, शटर किती, एफ किती, आयएसओ किती. हे आकडे फाइलमध्ये आपोआप नोंदलेले असतात, आठवावे लागत नाहीत. मग प्रत्येक ओळीपुढे पाचपैकी एक शब्द लिहायचा.

*अंधार*: उजेड कमी होता, म्हणून फोटो हलला किंवा दाणे आले.

*हालचाल*: उजेड होता, पण पळणाऱ्या, नाचणाऱ्या माणसावर फोकस पोचला नाही.

*अंतर*: हवी ती गोष्ट फोटोत ठिपक्याएवढी आली.

*हात*: चूक आपली. चुकीच्या जागी फोकस, सेटिंग कालचंच राहिलेलं, भलत्या वेळी बटण दाबलेलं.

*भरवसा*: कॅमेऱ्याने किंवा कार्डाने दगा दिला.

प्रत्येक शब्दाचा उपाय वेगळा आहे आणि त्याचा खर्चही वेगळा, म्हणून हा खटाटोप. "फोटो भारी येत नाहीत" या एका वाक्यात हे पाचही आजार दडलेले असतात. वहीत ते वेगळे होतात.

अंधाराला मोठ्या भोकाची लेन्स, किंवा छताकडे तोंड करून मारता येईल असा बाहेरचा फ्लॅश. छतावरून परतलेला उजेड मऊ पडतो, चेहऱ्यावर पांढरा झोत येत नाही. पण छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं हवं, मांडवात हे चालत नाही.

अंतराला लांबची लेन्स. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथे ५५ मिमी घेऊन गेलेला माणूस नवी बॉडी घेऊन गेला, तरी पक्षी तेवढाच दिसणार. लेन्सची लांबी दुप्पट केली, की पक्षी फोटोत चौपट जागा व्यापतो. आणि पक्ष्यांना न उठवता नाव अलगद जवळ नेणारा नावाडी मिळाला, तर कुठल्याही लेन्सपेक्षा तो जास्त उपयोगी.

हाताच्या चुकांना उपाय फुकट आहे, म्हणून तो आधी करायचा. डायल शटर प्रायॉरिटीवर ठेवा. निकॉनवर त्याला एस लिहितात, कॅननवर टीव्ही. माणसं असतील तर १/२५० ठेवून आयएसओ ऑटोवर सोडा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही. फोकसचा ठिपका कॅमेऱ्याला निवडू देऊ नका, मधला एकच ठिपका घ्या आणि तो डोळ्यावर ठेवा. आणि जेपेगऐवजी रॉ फाइल वापरून पाहा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या साठवल्या जातात, डी३५०० च्या रॉमध्ये ४०९६. म्हणून काळवंडलेला चेहरा रॉमधून पुष्कळ वर काढता येतो. त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. लेन्सपुढे दोन-तीनशे रुपयांचा काचेचा फिल्टर लावला असेल, तर तो एक दिवस काढून फोटो घ्या. रात्री दिव्यांच्या पुढे येणारी भुतं बऱ्याचदा त्याचीच असतात.

राहिले दोन शब्द, हालचाल आणि भरवसा. बॉडी बदलण्याचं खरं कारण बहुधा या दोनांतच सापडतं.

वही परत आली

सिझन संपल्यावर मुलगा वही घेऊन आला. निम्म्याहून जास्त ओळींपुढे "अंधार" होतं. हॉलमधले फोटो, जवळजवळ सगळे ५५ मिमी, एफ ५.६, १/६०. त्यानंतर "हात". ते शब्द सुरुवातीच्या पानांवर खूप होते, शेवटी विरळ होत गेलेले. "हालचाल" थोडं, मुख्यतः वरातीतलं.

आणि एका पानावर एकच ओळ होती. त्यात शटर नाही, एफ नाही. "हळद. कार्ड उघडत नाही. सगळे गेले. भरवसा."

हळदीचे फोटो त्या दिवशी त्याच्या एकट्याकडे होते. कार्डाने दगा दिला, दुकानातही काही परत मिळालं नाही. मुलीच्या घरी जाऊन हे सांगायचं काम त्याच्यावर आलं. तो म्हणाला, "काका काही बोलले नाहीत सर. पैसे पण देत होते. मीच घेतले नाहीत." फोटो पुसट आला तर तो निदान असतो. हळद काही पुन्हा लावता येत नाही.

सगळी वही पाहून झाल्यावर त्याने स्वतःच सांगितलं की त्याला कार्डाच्या दोन खणांचा कॅमेरा हवाय, प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिणारा. पहिल्या दिवशी हे कारण त्याच्या तोंडी नव्हतं.

मग शोध सोपा झाला. निकॉनचा डी७२००, २०१५ सालचा. सेन्सर त्याच आकाराचा, २४ मेगापिक्सेलचाच, म्हणजे फोटोच्या दर्जात फार फरक नाही. पण कार्डाचे खण दोन, फोकसचे ठिपके ११ च्या जागी ५१, आणि बॉडीत मोटर. दुकानदार त्याला नवा म्हणून डी७५०० दाखवत होता. तो २०१७ चा, सेकंदाला सहाऐवजी आठ फोटो काढणारा. पण त्यात कार्डाचा खण एकच आहे! वही नसती तर मुलगा तोच घेऊन घरी गेला असता.

त्याने जुना डी७२००, ३५ मिमी एफ १.८ आणि एक फ्लॅश घेतला. सगळं मिळून आधीच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात बसलं. बचतगटाचं कर्ज काढलं, पण छोटं, आणि पुढच्याच सिझनमध्ये फेडलं. डी३५०० त्याने विकला नाही. ३५ची लेन्स दोन्हींवर चालते, आणि लग्नात एक कॅमेरा बंद पडला तर दुसरा गळ्यात असावा लागतो.

पैसे मोजण्याआधी

यातून तुम्ही डी७२०० घ्या असा अर्थ काढू नका. ज्यांना घरची मुलं आणि कासची फुलं काढायची आहेत, त्यांना दोन खणांची काहीच गरज नाही. पण तीन गोष्टी सगळ्यांना लागू आहेत.

पहिली, खर्च पूर्ण मोजा. फुल-फ्रेम बॉडीवर तुमच्या जुन्या लेन्स पूर्ण चालत नाहीत. निकॉनची छोट्या सेन्सरची लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर लावली, तर कॅमेरा मधला तुकडाच वापरतो आणि फोटो सुमारे १० मेगापिक्सेलचा उरतो. कॅननची ईएफ-एस लेन्स तर फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. बॉडीच्या किमतीत लेन्स, कार्ड आणि जादा बॅटरी मिळवा, मग बजेटशी ताडून पाहा.

दुसरी, लेन्स आधी, बॉडी नंतर. आणि शक्य असेल तर आधी भाड्याने. मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्यावर लेन्स मिळतात. शनिवार-रविवार वापरून वहीतल्या चुका कमी होतात का ते बघा.

तिसरी, सेकंडहँड घेताना डोळे उघडे ठेवा. साध्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख उघडझापींच्या हिशोबाने बनवतात. निकॉनच्या फोटो-फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, कॅननच्या साध्या कॅमेऱ्यांत बहुधा मिळत नाही. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातून किंवा गोव्यातून आलेली लेन्स असेल, तर हे नक्की पाहा. आणि तुमची स्वतःची लेन्स पावसाळ्यात कपाटातल्या बॅगेत कोंडू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

दोन प्रश्न

*(श्रोत्यांतून: डीएसएलआर आता मागे पडले. मग सरळ मिररलेसच का घेऊ नये?)*

प्रश्न बरोबर आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि त्यांचा भर आता तिकडेच आहे. मिररलेसचा खरा फायदा फोकसमध्ये आहे. कॅननच्या आर५० सारखा साधा कॅमेराही पळत्या मुलाचा डोळा शोधून धरून ठेवतो. तुमच्या वहीत "हालचाल" जास्त असेल, तर जरूर तिकडे वळा. जुन्या लेन्स अॅडॅप्टरने चालतात, फक्त अॅडॅप्टरची किंमत हिशोबात धरा. पण तुमचा कॅमेरा बाजारात मागे पडला म्हणून काल निघत होता तो फोटो आज निघायचा थांबत नाही.

*(श्रोत्यांतून: वही लिहायला सहा महिने कोण थांबणार? दिवाळीला ऑफर असतात.)*

(हशा) ऑफर पुढच्या दिवाळीलाही असतील. आणि सहा महिने नको, पन्नास ओळी लिहा. दोन-चार कार्यक्रमांत होतात. पन्नास ओळी भरल्या नाहीत, म्हणजे तेवढे फोटोच तुम्ही काढले नाहीत, मग नवा कॅमेराही कपाटातच राहील. भरल्या, तर वही घेऊन या. रविवारी सकाळी आम्ही असतोच. सोबत बसून वाचू आणि काय घ्यायचं, की काहीच नाही, ते ठरवू.